चंडिकेच्या दारातल्या तिघीजणी

मोहगाव हवेलीचा अर्धनारीश्वर सौंसर मुलखात सर्वांना ठाऊक आहे. ज्या दैवताच्या एकाच देहात स्त्री आणि पुरुष विनातक्रार शेजार करून राहतात, त्याच्या गावावरून वाहणारी सर्पा नदी पुढे जामसावळीच्या निद्रिस्त मारुतीजवळ जाम नदीला मिळते. आणि ही जाम म्हणजे तीच नदी, की जिच्या पात्रात, पांढुर्णा आणि सावरगाव या दोन वस्त्यांच्या मध्ये, दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी दोन्ही काठांवरची माणसे एकमेकांवर धोंड्यांचा वर्षाव करतात. असे का करता, म्हणून कोणाही पांढुर्णेकराला विचारले तर तो वैराची कथा सांगत नाही, प्रीतीची सांगतो.

वैऱ्याच्या गोटातील पुरुषावर जडलेले प्रेम, त्याभोवती दाटलेले अरण्य, स्मशान, मंत्रतंत्र आणि रक्त, व या सर्वांमध्ये कोणाचाही हुकूम न मानणारी एक मानी नायिका, अशा मसाल्यावर आजकाल पुस्तकांचे ठोकळेच्या ठोकळे छापले जातात, आणि तरुण वाचक, विशेषेकरून तरुणी, ते मोठ्या चवीने वाचतात. वाचेनात! परंतु हा माल परदेशातून आला अशी जी समजूत दिसते ती मात्र खरी नव्हे. कारण या जातीच्या कथांची अतिशय जुनी पेठ विंध्य-सातपुड्याच्या आसपासच होती, आणि तिचा एक रक्ताळलेला अवशेष जामच्या पात्रात अद्याप पाहावयास मिळतो.

हा मुलूख भाषेने मराठी आणि दफ्तराने हिंदी. देवगडच्या गोंड राजांचा अंमल गेल्यावर येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला. १८५४ साली भोसल्यांचे राज्य कंपनी सरकारने खालसा केल्यावर तो इंग्रजी अमलात आणि पुढे मध्यप्रांतात गेला. आणि १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा व सौंसर या आजच्या तहसिलींचा भाग मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ च्या ऑक्टोबरात या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बागेत संत्री आणि शेतात कापूस असा हा प्रदेश असून, पोळ्याचा सण येथे विदर्भाइतक्याच हौसेने साजरा होतो. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, नागपुरात रोगराईला गावाबाहेर घालविण्यासाठी काळी आणि पिवळी मारबत मिरवीत नेतात. आणि त्याच दिवशी पांढुर्ण्याला गोटमार होते.

या गोटमारीची रीत तपशिलाने सांगण्याजोगी आहे. सावरगावचे लोक जंगलातून पळसाचे एक झाड तोडून आणतात आणि ते जामच्या पात्रात मधोमध रोवतात. त्या झाडाला लाल वस्त्र, तोरण, नारळ, फुलांचे हार असा साज चढवून त्यावर झेंडा लावतात आणि त्याची यथासांग पूजा करतात. सकाळी दोन्ही गावांचे लोक पूजेला येतात, नमस्कार करतात, आणि मग ज्या हातांनी हळदकुंकू वाहिले त्याच हातांनी धोंडे उचलतात. पांढुर्ण्याच्या बाजूने ढोल वाजू लागतात, ‘भगाओ, भगाओ’ अशी आरोळी उठते; कधी हा काठ पुढे सरकतो, कधी तो. ऊन उतरणीला लागते तसा रंग भरतो, आणि पांढुर्ण्याकडील काही धाडसी गडी कुऱ्हाडी घेऊन झाडाकडे धाव घेतात. सावरगावने झाड राखावयाचे आणि पांढुर्ण्याने ते तोडून झेंडा न्यावयाचा, एवढाच या खेळाचा कायदा. झेंडा पांढुर्णेकरांच्या हाती लागला की दगड तत्काळ थांबतात. घटकेपूर्वी एकमेकांची डोकी फोडणारे लोक एकमेकांना भेटतात आणि झेंडा वाजतगाजत चंडीमातेच्या देवळात नेला जातो. जखमेवर देवीचा अंगारा लावला की ती भरून येते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. शेजारीच सरकारी डॉक्टरांचा तंबू असतो आणि तेथेही गर्दी कमी नसते.

आता कथा. पांढुर्ण्याचा एक तरुण आणि सावरगावची एक तरुणी यांचे परस्परांवर प्रेम होते, आणि दोन्ही गावांत हाडवैर होते. एके दिवशी पहाटे तो तिला घेऊन नदी उतरू लागला. ते मध्यावर पोहोचले तोच सावरगावात बोभाटा झाला, लोक काठावर धावले आणि त्यांनी दगड मारावयास आरंभ केला. ते पाहून पांढुर्ण्याचे लोक मदतीस आले व त्यांनीही उलट दगडफेक सुरू केली. आणि या दुतर्फा माऱ्यात, जिच्या अब्रूसाठी एक काठ लढत होता आणि जिच्या सुटकेसाठी दुसरा, ती तिच्या सोबत्यासह नदीतच मरून पडली. मग दोन्ही गावांना लाज वाटली. त्यांनी ती प्रेते उचलून चंडिकेच्या देवळात नेली, पूजा केली आणि अंत्यविधी केला. तेव्हापासून ही प्रथा, असे सांगतात. दुसरीही एक हकिकत ऐकू येते, तीत प्रेमिकांचा मागमूस नाही. पूर्वी येथे फौजेचे लोक नदीकाठी दगडांनी लढण्याची तालीम करीत, तिचाच पुढे मेळा झाला, असे तीत म्हटले आहे. इतिहासाच्या दृष्टीने कोणती खरी हे ठरविण्यास लेखी पुरावा नाही. परंतु लोकांनी मनात जपली ती पहिलीच, आणि त्यात नवल काहीच नाही. तालमीसाठी कोणी पिढ्यान्पिढ्या डोके फोडून घेत नाही.

या कथेत मला खटकते ते एवढेच की, तिची नायिका एक अक्षरही बोलत नाही. तिला नाव नाही, तिच्या बापाला नाव नाही, जात नाही, शक नाही, संवत नाही. घर सोडण्याचा निश्चय तिने केला असलाच पाहिजे, पहाटेच्या अंधारात गार पाण्यात पाऊल तिने टाकले असलेच पाहिजे. परंतु सांगणारा म्हणतो, ‘त्याने तिला पळवून आणले.’ दोन गावांच्या भांडणाचे कारण म्हणून तिची गरज होती, तेवढ्यापुरती ती कथेत आली, नदीत उतरली आणि मेली. ती काय म्हणाली असेल हे ऐकण्याची इच्छा सांगणाऱ्याला नाही, आणि ऐकणाऱ्यालाही नाही.

जुन्या कथाकारांना मात्र ही इच्छा होती. गुणाढ्याची बृहत्कथा आज मूळ पैशाची भाषेत उपलब्ध नाही. परंतु तिच्या जन्माची जी कथा सोमदेवाने अकराव्या शतकात कथासरित्सागरात सांगितली आहे, तीच मुळी कोणत्याही काळोख्या अद्भुतकथेला मागे सारील अशी आहे. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबारातून बाहेर पडलेला हा पंडित विंध्यारण्यात एका पिशाचाकडून सात कथा ऐकतो, शाई नाही म्हणून आपल्या रक्ताने सात लक्ष श्लोक लिहितो, आणि राजाने ते झिडकारल्यावर एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकतो. सहा लक्ष जळाले. राजाला पश्चात्ताप होऊन तो धावत आला तेव्हा एक लक्ष उरले होते. त्या उरलेल्या भागाचा नायक नरवाहनदत्त हा वत्सराज उदयन आणि वासवदत्ता यांचा पुत्र. आणि उदयन-वासवदत्तेची जोडी म्हणजे वैऱ्यांच्या प्रीतीची आपल्याकडील आद्य जोडी म्हणावयास हरकत नाही. उज्जयिनीच्या राजाने कृत्रिम हत्तीच्या पोटात सैनिक दडवून कौशांबीच्या उदयनाला कैद केले व त्याच कैद्याला आपल्या मुलीचा शिक्षक नेमले.

याच कथेचा पाली धम्मपदाच्या अट्ठकथेतील पाठ मला अधिक आवडतो. तेथे उदयनाने हत्ती वश करण्याचा मंत्र शिकवावयाचा आहे. बापाने धूर्तपणाने दोघांमध्ये पडदा लावला. मुलीला सांगितले की पलीकडचा शिक्षक कुष्ठरोगी आहे, आणि शिक्षकाला सांगितले की अलीकडची विद्यार्थिनी कुबडी आहे. मंत्र काही केल्या तिच्या तोंडी बसेना, तेव्हा तो संतापून तिला कुबडी म्हणून हिणवतो; आणि ती राजकन्या खाली मान घालून बसत नाही, तीही तितक्याच तडफेने त्याच्या कुष्ठाचा उद्धार करते. या शिवीगाळीत पडदा वर होतो, दोघे एकमेकांना पाहतात, आणि बापाचा सारा बंदोबस्त त्या क्षणी कोसळतो. पुढे ती त्याच्याबरोबर हत्तिणीवरून निघून जाते. अर्वाचीन कादंबरीकार तीनशे पृष्ठांत जे साधतो ते येथे दोन शिव्यांत साधले आहे. आणि त्यातली दुसरी शिवी तिची होती, हे महत्त्वाचे.

पांढुर्ण्याहून जवळचे उदाहरण पाहिजे असेल तर वर्धा नदीच्या काठाने खाली कौंडिण्यपुरास जावे. वर्धा उगम पावते ती पांढुर्ण्याच्या शेजारच्या मुलताई भागात. आणि तिच्या तीरावरील, आज अमरावती जिल्ह्यात असलेले कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी हा कृष्णाचा कट्टर शत्रू, आणि त्याने बहिणीचे लग्न शिशुपालाशी ठरविलेले. ही मुलगी रडत बसली नाही. तिने एका ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला पत्र धाडले. आणि त्या पत्रात, लग्नाच्या आदल्या दिवशी कुळाचारानुसार आपण गावाबाहेर अंबिकेच्या दर्शनास जाणार आहो, तेथून न्यावे, अशी वेळकाळासह सूचना केली. पळून जाण्याचा बेत इतका चोख आखणारी नायिका आपल्या पुराणांत विरळा. तिच्या या साहसावर महानुभाव कवी नरेंद्राने यादवकाळात काव्य रचले. रामदेवरावाने ते आपल्या नावावर करून मागितले असता त्याने साफ नकार दिला, असे पंथाची परंपरा सांगते. पुढे १५७१ साली एकनाथांनी रुक्मिणीस्वयंवर पुरे केले, आणि १९१६ साली खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ नाटकात बालगंधर्वांनी रुक्मिणी साकारली. येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. लग्न जुळत नसलेल्या मुलींना एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवराचे पारायण करावयास बसविण्याची चाल आपल्या घरांत अगदी परवापर्यंत होती. भावाने ठरविलेला वर झुगारून शत्रूच्या रथात चढून गेलेल्या मुलीची पोथी, वडिलांनी पाहिलेल्या स्थळाकडून होकार यावा म्हणून वाचावयाची! आपल्या वडीलधाऱ्यांचा पोथीवरील विश्वास मोठा, तिच्यातील मजकुराकडे लक्ष मात्र बेताचे.

वैराचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. रुक्मी पराभूत झाला, त्याचे केस व मिशा छाटल्या गेल्या, आणि रुक्मिणीने रदबदली केली म्हणून त्याचा प्राण वाचला. त्याने कौंडिण्यपुरात पुन्हा पाऊल टाकले नाही. परंतु भागवतकार सांगतात की, त्याची मुलगी रुक्मिणीच्या प्रद्युम्नाला आणि त्याची नात प्रद्युम्नाच्या अनिरुद्धाला दिली गेली. म्हणजे वैर सुटले नाही तरी सोयरीक तीन पिढ्या चालली. अनिरुद्धाच्या लग्नातच द्यूताच्या डावावरून बलरामाने रुक्मीला मारले, हा भाग निराळा. विदर्भातील लग्ने मानापमानावाचून तेव्हाही पार पडत नसावीत.

तिसरी नायिका भवभूतीची मालती. भवभूती हा विदर्भातील पद्मपूरचा; हे पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे गाव, असे नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. आठव्या शतकातील या कवीचे ‘मालतीमाधव’ हे दहा अंकी प्रकरण इतके काळोखे आहे की, त्याच्या पाचव्या अंकात नायक स्मशानात भुताखेतांना मनुष्याचे मांस विकावयास निघालेला असतो. राजाच्या मर्जीतील नंदनाशी मालतीचे लग्न ठरते; तिचे मन माधवावर आहे. पण पळून जाण्याला तिची ना असते, कुळाची अब्रू तिला प्राणाहून अधिक वाटते. आणि कामंदकी नावाची वृद्ध भिक्षुणी तिला शकुंतला, उर्वशी आणि वासवदत्ता यांचे दाखले देऊन हळूहळू वळविते. वासवदत्तेचे उदाहरण आठव्या शतकात मुलींना बिघडविण्याच्या कामी येत होते, हे यावरून सिद्ध आहे. पुढे अघोरघंट हा कापालिक आणि त्याची शिष्या कपालकुंडला मालतीला चामुंडेपुढे बळी देण्यासाठी सजवून उभी करतात; ती माधवाचे नाव घेऊन आक्रोश करते, आणि स्मशानात हिंडणारा माधव तो आवाज ऐकून धावून येतो. या दोघांच्या कुळांत वैर नाही, म्हणून पंडित कदाचित माझ्यावर आक्षेप घेतील. परंतु वधूचे वस्त्र आणि बळीचे वस्त्र एकच, ही जी भयंकर गोष्ट भवभूतीने ओळखली, तिच्यावाचून जामच्या पात्रातील झाड समजत नाही.

अंबिका, चामुंडा, चंडिका. रुक्मिणी अंबिकेच्या देवळातून जिवंत बाहेर पडली आणि रथात बसली. मालतीला चामुंडेपुढे मरावयास आणले होते. तिच्या आवाजाने ती वाचली. सावरगावच्या मुलीला चंडिकेच्या दारात आणले तेव्हा ती मेलेली होती. तिघींचीही वाट देवीच्या दारावरून जाते, कारण मुलीने बापाच्या घरातून बाहेर पडावयाचे आणि अद्याप नवऱ्याच्या घरात शिरावयाचे नाही, अशी अवघी जागा जुन्या समाजात तेवढीच होती. आणि त्या जागेवर माणसाचा हुकूम चालत नसे. काव्यातील दोघींनी तेथे तोंड उघडले, एकीने पत्रातून, दुसरीने आक्रोशातून. लोककथेतील तिसरीच्या वाट्याला तोंड आलेच नाही, म्हणून तिच्या जागी गावाने झाड उभे केले. लाल वस्त्र, तोरण, हार, नारळ, असे सजवून सावरगावच्या माणसांनी राखावयाचे आणि पांढुर्ण्याच्या माणसांनी न्यावयाचे हे पळसाचे झाड म्हणजे दुसरे कोण असणार? ती वधूच आहे, असे मला वाटते, आणि ती दरवर्षी तोडली जाते.

दोन गावांनी प्रवाहाच्या दोन काठांवर उभे राहून वैर खेळण्याची प्रथा इतरत्रही आहे. सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यातील सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन्ही अंगांना जमतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करीत, एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. याला बोरीचा बार म्हणतात. त्याची दंतकथा एका पाटलाच्या दोन बायकांची आहे, ज्या ओढ्यावर भांडता भांडता मेल्या. तेथेही मृत्यू आहे आणि तोही स्त्रियांचाच. परंतु त्यांची आठवण करावयाची ती स्त्रियांनी आणि तोंडाने. रक्ताचा थेंब सांडत नाही, आणि वर्षभराचे साचलेले ओढ्याला लागते. याहून दूरचे म्हणजे इंडोनेशियातील सुंबा बेटावरील पासोला. तेथे घोडेस्वारांचे दोन पक्ष एकमेकांवर भाले फेकतात, आणि मूळ कथा पांढुर्ण्याच्या कथेची बहीण शोभावी अशी आहे. समुद्रात गेलेला नवरा मेला असे समजून राबू काबा नावाची स्त्री दुसऱ्या गावच्या पुरुषाबरोबर निघून गेली. नवरा परत आला. तिने परतण्यास नकार दिला. तेव्हा दोन्ही गावांनी बसून वधूमूल्याची फेड ठरविली, आणि दुःख विसरावे म्हणून हा खेळ मांडला. तिचे नाव राहिले आणि तिचा नकारही राहिला. सुंबातील लोक सांडलेले रक्त भूमीला फळते असे मानतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पिके उभी असताना होणाऱ्या गोटमारीच्या मुळाशी अशीच काही शेतकऱ्याची भावना असावी आणि प्रेमकथा तिच्यावर मागाहून चढली असावी, असा तर्क करता येतो. त्याहून अधिक काही म्हणता येत नाही.

सरकार दरबारी ही प्रथा हा सुव्यवस्थेचा मामला आहे. १९५५ पासूनच्या मृत्यूंची मोजदाद केली तर आकडा दहाच्या वर जातो, आणि जखमींची संख्या दर वर्षी शेकड्यांनी असते. १९७८ आणि १९८७ या दोन्ही साली प्रकरण पोलिसांच्या गोळीबारापर्यंत गेले. एके वर्षी अंमलदारांनी दगडांऐवजी रबरी चेंडू पुरविले. लोकांनी ते थोडा वेळ फेकून पाहिले आणि पुन्हा दगड उचलले. गोफणीला मनाई झाली, जमावबंदीचे हुकूम निघाले, मानवी हक्क आयोगाने लक्ष घातले, आकाशातून यंत्रे टेहळणी करू लागली. दगड मात्र नदीतलेच आणि फुकटचे राहिले. आता प्रतिवर्षी मेळ्याच्या आधी शांतता समितीची बैठक भरते, दोन्ही बाजूंचे प्रमुख येतात, चहा होतो आणि दगडफेकीला किती वाजेपर्यंत मुभा द्यावी याचा खल होतो. झेंडा कोणाच्याच हाती न लागल्यास सायंकाळी सरकारी अधिकारी मध्ये पडून दोन्ही काठांत समेट घडवितात, झाड मिळून चंडीच्या देवळात पोहोचवितात, आणि सामना बरोबरीत सुटला असे जाहीर होते.